उत्तरसूचीत नसलेला सांबार

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला, की आमच्या वऱ्हाडात हंगाम सुरू झाला असं समजावं. कॅलेंडरकडे बघायची गरज नाही. कापसाने ठासून भरलेल्या गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे जायला लागल्या की दोन्ही बाजूंच्या काटेरी फांद्या त्यातून आपापला वाटा ओढून घेतात, आणि चार-आठ दिवसांत अकोल्यापासून थेट तेल्हाऱ्यापर्यंतच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. यंदाही तशा झाल्या आहेत. परवा भाच्याच्या गाडीतून त्या रस्त्याने जात होते. काचा बंद, आत ती थंड हवा. बाहेर बाभळी पाहिल्या आणि मला बसल्या जागी सांबाराचा वास आला.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी इथे लगेच इडली आठवू नये. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हिरवी, जुडीने मिळते ती. तिची वडी ती सांबारवडी. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग विश्वास ठेवत नाही, आणि मग वडी खाऊन गप्प बसतो. या एका शब्दाने माझी एकदा चांगलीच फजिती केली, आणि त्या फजितीचा मला आजतागायत आनंद आहे.

आमचं घर अकोल्यात जठारपेठेत. वडील शाळेत संस्कृत शिकवत आणि घरात शुद्ध मराठी. ‘मले पोळी दे’ म्हटलं की त्यांना ऐकूच यायचं नाही. ‘मला’ म्हणेपर्यंत पोळी पुढे सरकत नसे. गल्लीतल्या मैत्रिणींशी आम्ही वऱ्हाडी बोलायचो आणि फाटक उघडलं की जीभ धुऊन घरात शिरायचो. मात्र वडिलांचा हा अंमल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच चाले. आत आईचं राज्य. तिथे बटाट्याला आलू म्हणत, पेरूला जाम, पातेल्याला गंज, आणि कोथिंबिरीला सांबार. आई वडिलांच्या देखत खुशाल म्हणायची, ‘आज सांबार नाही मिळाला,’ आणि वडील वर्तमानपत्रातून मान वर करत नसत. भाजीच्या बाबतीत त्यांनी हार पत्करली होती.

मी मोठी झाले, अकोल्याच्या एका अध्यापक विद्यालयात शिकवू लागले, आणि वडिलांचा अंमल माझ्या तोंडून चालवू लागले. खेड्यांतून आलेल्या माझ्या विद्यार्थिनी ‘काहून’ म्हणाल्या की मी ‘का’ म्हणून दुरुस्त करायची. त्या बिचाऱ्या लिहून घ्यायच्या. आता आठवलं की हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

ज्या हंगामाची गोष्ट सांगते आहे, तो त्या वाईट वर्षांतला. वर्तमानपत्र उघडलं की आमच्याकडच्या कुठल्या तरी लहानशा गावाचं नाव असायचंच, आणि त्याखाली कुणा शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी. तशा दिवसांत आमच्या तिघांच्या पथकावर एक काम आलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत कमी ऐकू येणारी, कमी दिसणारी, चालायला अडचण असणारी, शिकायला मागे पडणारी जी मुलं होती, त्यांनी आपल्या गावच्याच शाळेत बाकीच्यांबरोबर शिकावं असं तेव्हा नव्याने ठरलं होतं. त्यांच्यासाठी यंत्रं, कुबड्या, जाड अक्षरांची पुस्तकं आणि गावोगाव फिरणाऱ्या शिक्षिका दिल्या होत्या. हे सगळं मुलापर्यंत पोचतं का, आणि पोचून काही उपयोग होतो का, ते आम्ही तपासायचं. त्यासाठी वरून एक प्रपत्र आलं होतं, लग्नाच्या यादीसारखं लांबलचक. रकाने आणि रकान्यांपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’.

दसरा उलटला होता, दिवाळीच्या सुट्या लागायच्या होत्या. सकाळी जीपच्या काचेवर दव असायचं. सोयाबीन निघाल्याची कुसळं हवेत उडून मानेला खाज सुटायची. तुरीला पिवळा फुलोरा आलेला. मला ते दिवस फार आवडले, हे आज मोकळेपणी सांगते. तेव्हा सांगायची सोय नव्हती, कारण आमची जीप गावात शिरली की पारावरची माणसं उठून उभी राहायची आणि हळूच विचारायची, “कोनाच्या घरी झालं?” त्या काळात कागद घेतलेली माणसं जीपमधून यायची ती एकाच कारणासाठी, अशी गावाची समजूत झाली होती. आम्ही म्हणायचो, “काही नाही, शाळेत आलोय.” मग चेहरे सैल व्हायचे आणि चहा यायचा.

पथकाचे प्रमुख पुण्याहून आलेले एक साहेब होते. त्यांचं नाव सांगत नाही. माणूस चांगला होता, आणि चांगल्या माणसाच्या फजितीला नाव लावू नये. दुसरी मी. तिसरी शाहीन, त्या तालुक्याची फिरती शिक्षिका.

शाहीन परतवाड्याची. तिचे अब्बा तिथे बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवत. विशेष मुलांना शिकवायची पदविका घेऊन ती तेल्हारा तालुक्यात आली, हिवरखेडला एक खोली घेऊन राहिली, आणि एसटीने, जीपने, नाहीतर पायी अशी सात-आठ गावं फिरायची. कागदोपत्री तिच्या पदाला ‘मोबाईल टीचर’ म्हणत. खेड्यात नुकतेच मोबाईल येऊ लागले होते, त्यामुळे लोकांनी आपला अर्थ लावला. तिला सगळे ‘मोबाईलवाली मॅडम’ म्हणत. आमच्यासमोर एका म्हाताऱ्या बाबांनी आपला फोन तिच्या पुढ्यात ठेवला. “यात आवाज येऊन नाही राह्यला. पाहा बरं.” शाहीनने तो उघडला, बॅटरी ओढणीने पुसली, परत बसवली, आणि फोन वाजायला लागला. “ज्याच्यात आवाज येत नाही ते समदं माह्याकडंच येते,” ती मला म्हणाली. तिच्या त्या ऐसपैस वऱ्हाडीने मी सुरुवातीला जरा बिचकले होते. घरी ती उर्दू बोलायची, पण बाहेर अशी वऱ्हाडी बोलायची की जठारपेठेतल्या आमच्या अख्ख्या घराण्याला जमली नसती.

हिवरखेडच्या पुढे एका लहान गावात आम्ही गेलो. शाळा दोन खोल्यांची, समोर कडुनिंब. तिसरीतली नंदा नावाची मुलगी तपासायची होती. आठ-नऊ वर्षांची, दोन लाल रिबिनी, मोठे डोळे. तिला कमी ऐकू येत होतं. शिबिरात तिला श्रवणयंत्र मिळालं होतं. तेव्हाची यंत्रं म्हणजे छातीशी लटकवायची एक डबी आणि तिच्यातून कानात जाणारी वायर. प्रपत्रात रकाना होता, ‘यंत्र मिळाले का?’ मी ‘होय’वर खूण केली. पुढचा रकाना, ‘मूल एका हाकेत प्रतिसाद देते का?’ मी समोर बसून हाक मारली, “नंदा!” ती माझ्या वहीकडे बघत होती. पुन्हा हाक मारली. तिसऱ्या वेळी तिने वर पाहिलं. मी ‘नाही’वर खूण केली.

मग चित्रं. बारा चित्रं दाखवायची, नावं विचारायची, आणि उत्तरसूचीशी ताडून बघायची. आठ तरी बरोबर यायला हवीत. गाय, घर, चमचा अशी सात नावं तिने सांगितली. मग कोथिंबिरीचं चित्र आलं. नंदा म्हणाली, “सांबार.” उत्तरसूचीत होतं ‘कोथिंबीर’. मी फुली मारली. पेरूला ‘जाम’ म्हणाली, फुली. बटाट्याला ‘आलू’, फुली. पातेल्याला ‘गंज’, फुली. होडीच्या चित्राकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि काहीच बोलली नाही. एकूण सात.

इथे मला एक गोष्ट कबूल करायलाच हवी. ती ‘सांबार’ म्हणाली तेव्हा मला कळलं नाही असं अजिबात नव्हतं. आमच्या घरात रोज येणारा शब्द होता तो. पण हातात उत्तरसूची होती, शेजारी पुण्याचे साहेब होते, आणि वडिलांनी लहानपणी घातलेलं कुलूप जिभेला तसंच होतं. मी फुली मारून मोकळी झाले.

या सगळ्याचा अर्थ काय, ते प्रपत्राच्या शेवटी छापलेलंच होतं. यंत्र मिळालेलं आहे, तरी मूल हाकेला ओ देत नाही, आणि चित्रंही ओळखत नाही. म्हणजे दोष कानाचा नाही, डोक्याचा. अशा मुलाला ‘मतिमंद’ म्हणून नोंदवावं, गावच्या शाळेतून काढावं आणि शहरातल्या निवासी शाळेच्या यादीत घालावं. ती यादी साहेब त्याच दिवशी चार वाजता अकोल्याला घेऊन जाणार होते. हेडसरही म्हणाले, “बरंच होईल. पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही. तिकडे दोन वेळचं जेवण तरी नीट मिळेल.” ते वाईट हेतूने बोलत नव्हते.

नंदाची आई सिंधूबाई दारात उभी होती. त्यांच्या शेतात त्या दिवशी सीतादही होतं. कापूस वेचायला सुरुवात करायच्या दिवशी शेतात दगड मांडून पूजा करतात, दहीभात शिंपडतात, आणि मग पहिलं बोंड वेचतात. तेवढ्यासाठी ती पोरीला दुपारीच घेऊन जायला आली होती. आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. ती पुढे आली.

“मॅडम, तिले तिकडं नोका धाडू. इथं रस्त्यानं जाता जाता समदे तिले हाक मारते. आयकू येवो का न येवो, मारते. तिकडं कोन हाक मारीन तिले?”

मी म्हणाले, “बघू या. अहवालात काय येतं त्यावर आहे.” किती शुद्ध वाक्य! सिंधूबाईने पोरीचा हात धरला आणि ती निघून गेली. शाहीन काही तरी बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात हेडसरांनी जेवायला हाक मारली.

शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजली होती. ती शिजवणाऱ्या मथुराबाई आम्हाला आग्रह करकरून वाढत होत्या. चुलीवरची खिचडी, वर कच्च्या तेलाची धार. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मथुराबाईंच्या शेजारी ताटलीत हिरवागार चिरलेला ढीग मला दिसला आणि मी अगदी सहज म्हणाले, “मावशी, वरून थोडा सांबार टाका नं.”

साहेब खूश झाले. “अरे वा! खिचडीबरोबर सांबारसुद्धा? मग मला वाटीतच द्या.” आणि त्यांनी वाटी पुढे केली.

मथुराबाईंनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. मग चांगली मूठभर कोथिंबीर उचलून त्यांच्या वाटीत ठेवली. “घ्या. लय आवडते वाटते साहेबाइले.”

साहेब त्या हिरव्या वाटीत बघत बसले. “हा सांबार?”

“हाव. ताजा हाये, आत्ताच तोडला.”

हेडसरांना ठसका लागला. मला हसू आवरेना. सगळे हसलो, एकटी शाहीन सोडून. तिने ताट खाली ठेवलं.

“मॅडम, बुरा नोका मानू. तुमी आत्ता काय मांगला?”

माझं हसू तिथेच थांबलं.

“सकाळी नंदानं बी हेच सांगतलं. तुमी फुली मारली.”

“उत्तरसूचीत...” मी म्हणाले.

“उत्तरसूचीले मालूम नसन. तुमाले त मालूम होतं नं?”

इतकी शरम मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे. रागावायलाही जागा नव्हती, कारण ती खरं बोलत होती. साहेबांनी वाटी बाजूला ठेवली, हात धुतले, आणि चित्रांचा गठ्ठा मागवला. मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना आजही मानते. एकेक चित्र काढून त्यांनी ते मथुराबाईंना दाखवलं.

“हा आलू. हे जाम. हा गंज, पन आमचा याच्याहून मोठा हाये.” होडीचं चित्र आलं तशा मथुराबाई थबकल्या. “हे काय होय बाप्पा?”

“आपल्या पूर्णेत उन्हाळ्यात पाय भिजत नाही, होडी कुठून पाहीन मानूस?” शाहीन पुटपुटली.

“म्हणजे या मावशींनाही निवासी शाळेत पाठवावं लागणार,” साहेब म्हणाले.

“मंग खिचडी कोन शिजवीन?” मथुराबाईंनी विचारलं.

पण साहेब अजून पुरते पटले नव्हते. शब्दांचं ठीक, ते म्हणाले, पण यंत्र असून हाकेला ओ देत नाही, त्याचं काय? शाहीनने आधी आठवून पाहिलं. मग म्हणाली, “सकाळी तिच्या छातीशी डबी नव्हती. मले वाटलं सेल संपला असन. मी येतो त्या दिवशी घालूनच राह्यते ते.” समोरच्या मुलीच्या अंगावर यंत्र नाही, हे तिच्यापुढे तासभर बसून मला दिसलं नव्हतं. प्रपत्रात ‘मिळाले का’ असं विचारलं होतं. ‘घातले का’ असं विचारलंच नव्हतं. घड्याळात दोन वाजून गेले होते. आम्ही उठलो आणि सिंधूबाईच्या शेताकडे निघालो.

ती पायवाट मला अजून आठवते. दोन्ही बाजूंना कमरेएवढी पराटी, म्हणजे कापसाची झाडं, आणि त्यांच्यावर फुटलेली बोंडं. साहेबांच्या पँटला सारखी कुसळं चिकटत होती आणि ते दर दहा पावलांवर थांबून ती काढत होते. तुरीच्या ओळींत मधमाश्या. कुठून तरी बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

धुऱ्याजवळ, शेताच्या बांधापाशी, दगड मांडून, त्यांना हळद-कुंकू लावून पूजा झाली होती. दहीभाताची परात अर्धी रिकामी होती. कमरेला फडक्याच्या ओट्या बांधून बायका वेचायला लागायच्या तयारीत होत्या. आणि त्यांच्यात नंदा उभी होती, पिवळा फ्रॉक घालून, छातीवर ती डबी लटकवून. कानात वायर. डबीलासुद्धा सिंधूबाईने हळद-कुंकवाची बोटं लावली होती.

“आज कशी घातली?” शाहीनने विचारलं.

सिंधूबाई म्हणाली, “आज सन हाये नं. सनाले काढतो मी. अन् तुमी येता तवा. रोज घातली अन् हरपली त? कापसात पडली त कुठं हुडकू? एकडाव भेटली, दुसऱ्यानं कोन देईन? पेटीत ठेवतो, कापसात गुंडाळून.”

घरातला एकुलता एक दागिना जसा सांभाळावा तशी तिने ती सांभाळली होती. आम्ही सकाळी अचानक आलो, त्यामुळे पेटी उघडायला तिला वेळच मिळाला नाही. पूजेच्या वेळी मात्र तिने आठवणीने काढली. तिच्यावर रागवायचं तरी काय? माझी आई चांदीचं ताट असंच ठेवायची, आणि आम्ही कधी त्यात जेवलो नाही.

शाहीन नंदाच्या मागे गेली. पाच-सहा पावलं दूर, पराटीआड. आणि अगदी हळू, शेजारणीशी बोलावं इतक्या आवाजात म्हणाली, “नंदे.”

नंदा वळली. एकाच हाकेत. आणि हसली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून चित्रांचा गठ्ठा काढला. वरचंच चित्र निघालं ते कोथिंबिरीचं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सरकारी कामावर असताना आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, “हे काय होय वं, नंदा?”

“सांबार.” तिचा आवाज थोडा सपाट होता, पण खणखणीत. “सकाळी बी तेच सांगतलं होतं. तुमाले मालूम नाही काय?”

“मालूम आहे वं माय,” मी म्हणाले. “विसरली होती मी.”

मागे बायकांत खसखस पिकली. “अवं, मॅडम त आपल्यासारकंच बोलते!” कोणीतरी म्हणालं. माझे डोळे भरून आले होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की त्या बायकांबरोबर ओटी बांधून वेचायलाच लागावं असं वाटलं. मग जाम, आलू आणि गंजही झाले. होडी आम्ही सोडून दिली.

साहेबांच्या एका हातावर सिंधूबाईने प्रसादाचा दहीभात ठेवला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी यादी काढली, माझ्या पाठीचा आधार घेऊन नंदाचं नाव खोडलं, आणि बाजूला सही केली. खाली लिहिलं, ‘उत्तरसूची दुरुस्त करावी.’ सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही हे आम्हाला दिवसभर सांगणारा माणूस तो. प्रपत्राच्या शेवटी ‘इतर सूचना’ म्हणून दोन रिकाम्या ओळी होत्या. तिथे मी लिहिलं, ‘यंत्र मिळाले का असे विचारू नये. यंत्र कुठे ठेवता असे विचारावे.’

शाहीनने तोवर पिशवीतून सुई-दोरा काढला होता. शिंप्याची लेक ती. सिंधूबाईकडून एक चिंधी मागून घेऊन तिने तिथेच धुऱ्यावर बसून डबीच्या मापाची एक पिशवी शिवली आणि ती नंदाच्या फ्रॉकला आतून पक्की टाचून दिली. वर झाकण, झाकणाला बंद. “आता पराटीत लोळली तरी हरपनार नाही,” ती सिंधूबाईला म्हणाली. “अन् हरपली त मी हाये नं. दुसरी आनू.”

परत येताना साहेब जीपमध्ये झोपले. मथुराबाईंनी त्यांना सांबाराची एक मोठी जुडी दिली होती, ती त्यांच्या मांडीवर होती. ऊन उतरलं होतं, बाभळींवरचा कापूस पिवळसर दिसत होता, आणि सगळ्या जीपमध्ये तो वास भरला होता. म्हणून मला बाभळी पाहिल्या की सांबाराचा वास येतो.

आमच्या सूचनांचं पुढे काय झालं म्हणाल, तर पुढच्या वर्षी प्रपत्र आलं ते जसंच्या तसं. तोच पेरू, तीच होडी. पण मी बदलले होते. उत्तरसूचीच्या समासात मी पेन्सिलीने आमचे शब्द लिहून घेतले, आणि वर्गातल्या मुलींना सांगितलं, पोरगं जे म्हणतं ते आधी ऐका. ‘काहून’ दुरुस्त करणं मी त्या हंगामापासून सोडलं. वडील तोवर गेले होते, पण असते तरी सोडलं असतं असं वाटतं. निदान भाजीपुरतं त्यांनीही समजून घेतलं असतं.

नंदा त्याच शाळेत शिकली, पुढे हिवरखेडला गेली. शाहीनने तिला शिलाई शिकवली. आता हिवरखेडला तिचं ब्लाऊज शिवायचं लहानसं दुकान आहे, घर आहे, पहिलीत जाणारी मुलगी आहे. शाहीनशी माझी मैत्री टिकून राहिली. तिचा फोन येतो, पण गेल्या दोन वर्षांत फोनवरचं तिचं बोलणं मला निम्मंच कळायला लागलं. तिला वाटायचं नेटवर्क नाही. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडायचं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने मला जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं आणि कानाचं यंत्र घेऊन दिलं. शेंगदाण्याएवढं, चांगलं महाग. ती पुण्याहून फोन करते आणि ओरडून विचारते, “आई, यंत्र मिळालं ना?” मी सांगते, मिळालं.

गेल्या आठवड्यात शाहीन आणि नंदा दोघी जठारपेठेत आल्या. नंदाला दुकानासाठी सामान घ्यायचं होतं. मी नुकतीच भाजी घेऊन बसले होते, नेमकी सांबाराची जुडी निवडत होते. दार वाजलेलं मला ऐकू आलं नाही. त्या दोघी ढकलून आत आल्या आणि थेट समोर उभ्या राहिल्या. नंदाच्या कानामागे तिचं नवं, लहानसं यंत्र होतं. ती माझ्या कानांकडे बघत होती.

“मॅडम, तुमचं कुठं हाये?”

मी उठले, कपाट उघडलं, डबी काढली. डबीत कापूस, आणि कापसात यंत्र.

नंदा त्या कापसाकडे बघतच राहिली. “काहून ठेवलं पेटीत?”

“हरपलं त?” मी म्हणाले. आणि म्हणाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

शाहीन हसून हसून खाली बसली. नंदा हसली नाही. तिने पर्समधून दोरा काढला, यंत्राला बारीक गाठ मारली, दुसरं टोक माझ्या चष्म्याच्या काडीला बांधलं, आणि यंत्र माझ्या कानात बसवलं. तिचा हात फार हलका आहे. क्षणभर नुसती खरखर झाली. मग पंख्याचा आवाज आला, रस्त्यावरच्या रिक्षाचा आला, आणि शाहीनच्या बांगड्यांचा. इतके आवाज माझ्या घरात होते हे मी विसरूनच गेले होते.

नंदा माझ्या समोरून हलली आणि मागे गेली. मला दिसेनाशी झाली. मग मागून, अगदी हळू आवाज आला, “मॅडम.”

मी वळले. तिने माझ्या टोपलीतली जुडी हातात धरली होती.

“हे काय होय?”

“सांबार,” मी म्हणाले.

“बराबर,” नंदा म्हणाली.